एक ते दोन खिडकी बंद

खिडकीसाहेबांच्या वेबसाइटला दहा महिने पुरे झाले, तेव्हा तिच्यावर आलेले एकूण प्रश्न होते एक, आणि तोही घरातला. बायकोने स्वयंपाकघरातून तीन हाका मारल्या, साहेब कॉम्प्युटरसमोरून हलेनात, तेव्हा तिने आपल्या फोनवर त्यांची वेबसाइट उघडली आणि प्रश्नाच्या चौकटीत लिहिलं, "अंगाचा साबण संपला आहे. कधी आणणार?"

प्रश्न आल्याची घंटी वाजली तेव्हा साहेब खुर्चीतून अर्धे उठले होते. वाचून खाली बसले. पण नियम म्हणजे नियम. त्यांनी रीतसर उत्तर पाठवलं, "आपल्या अर्जात अर्जदाराचे संपूर्ण नाव व वडिलांचे नाव नमूद नाही. त्रुटी दूर करून अर्ज पुन्हा सादर करावा."

दुसऱ्या दिवशी त्यांना भांडी घासायच्या साबणाने अंघोळ करावी लागली.

साहेबांचं खरं नाव इमारतीत कुणी घेत नसे. जन्ममृत्यू नोंदणीच्या कार्यालयात चौकशीच्या खिडकीमागे ते एकतीस वर्षं बसले, म्हणून ते खिडकीसाहेब. कुठला अर्ज, किती प्रती, कुणाची सही, कोणत्या मजल्यावर, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येई. अडचण एवढीच झाली, की निवृत्त झाल्यावर त्यांना झोपेतून उठवून विचारणारं कुणी उरलं नाही. मग ते न विचारता सांगू लागले. दूधवाल्याला दारात उभं करून त्यांनी दाखल्याची दुसरी प्रत कशी मिळते ते समजावलं. दूधवाला दुसऱ्या दिवसापासून पिशवी खालच्या मजल्यावरच ठेवून जाऊ लागला.

परगावी राहणारी मुलगी वेबसाइट बनवण्याचंच काम करते. वडील रोज फोनवर आपल्याला नोंदणीचे नियम सांगतात, याला कंटाळून म्हणा किंवा माया येऊन म्हणा, तिने त्यांना एक वेबसाइट करून दिली. "बाबा, लोकांना यावर प्रश्न विचारता येतील. तुम्ही उत्तरं द्या. पण वर्षभरच बघू हं. घरचे सोडून एका तरी माणसाने काही विचारलं तर पुढे चालू ठेवू. नाहीतर बंद करू आणि तुम्ही फिरायला जायला लागा."

फिरायला जाणं म्हणजे काय, हे साहेबांना चांगलं ठाऊक होतं. समोरच्या बागेत निवृत्त माणसांचा एक बाक होता. त्या बाकावर बसलेल्यांना कुणीही, कधीही, काहीही विचारत नसे.

वेबसाइट बनताना बापलेकींत थोडी घासाघीस झाली होती. प्रश्नाच्या चौकटीआधी साहेबांना अर्ज हवा होता: नाव, वडिलांचं नाव, पत्ता, चौकशीचं कारण आणि सहीचा रकाना.

"बाबा, सही कशी करणार लोक?"

"ते त्यांचं त्यांनी बघावं. बिनसहीची चौकशी मी एकतीस वर्षांत घेतलेली नाही."

त्याहून मोठा वाद जेवणाच्या सुट्टीवरून झाला. साहेबांचं म्हणणं, एक ते दोन खिडकी बंद. वेबसाइटही बंद. त्या तासात कुणी आलं तर त्याला खाली ओढलेल्या शटरचं चित्र दिसावं आणि त्यावर पाटी असावी, "जेवणाची सुट्टी. दोन नंतर यावे."

"अहो, वेबसाइट जेवत नाही," मुलगी म्हणाली.

"मी जेवतो," साहेब म्हणाले.

मुलीने कपाळाला हात लावला आणि शटरचं चित्र लावलं.

दहा महिने असे गेले. अकराव्या महिन्यात शेजारच्या दारातून विमेवाले आले. त्यांनी उभ्या जन्मात अनेकांना विमा विकला होता, आणि न विचारता सल्ला देणं हा त्यांच्या धंद्याचाच भाग होता. ते कॉम्प्युटरसमोर स्टूल ओढून बसले.

"साहेब, दुकान कुठेही टाकून चालत नाही. लोक काय शोधतात, ते आधी शोधावं लागतं. याला कीवर्ड म्हणतात."

"मला लोक काय विचारतात ते पाठ आहे."

"बघू या ना मग."

त्यांनी एक साधन उघडलं. त्यात एखादा शब्द लिहिला की महिन्याभरात किती माणसांनी तो शोधला, त्याचा आकडा येई आणि खाली त्याच्या आसपासचे लोकांचे शोध दिसत. साहेबांनी चष्मा पुसला आणि दोन बोटांनी सावकाश लिहिलं, "जन्म नोंदणी अभिलेखातील त्रुटी दुरुस्तीबाबत मार्गदर्शन".

आकडा आला शून्य.

"बिघडलंय," साहेब म्हणाले.

"बिघडलेलं नाही. असं जगात कुणी शोधत नाही."

"मग काय, जगात कुणाच्या दाखल्यात चूकच नाही?"

विमेवाल्यांनी जरा इकडेतिकडे केलं आणि लोकांचे शोध खाली उलगडले. "दाखल्यात नाव चुकलं काय करू." "बाबांचं नाव चुकीचं लागलं आता काय करू." "दाखला सापडत नाही काय करू." "नाव दोन प्रकारे आहे शाळेत घेत नाहीत काय करू." प्रत्येकापुढे आकडा, आणि आकडे बरे मोठे.

साहेबांनी यादी पुन्हा वाचली. एकतीस वर्षांत त्यांच्या खिडकीवर कुणी 'काय करू' म्हटलेलं त्यांना आठवेना. खिडकीवर लोक 'साहेब, जरा' म्हणत. आणि मग काहीतरी आडून विचारत, म्हणजे मोठे साहेब जागेवर आहेत का, अर्ज कुठे मिळतो, असलं. मनातलं 'काय करू' ते मनातच ठेवत आणि घरी जाऊन, साहेबांना दिसणार नाही अशा ठिकाणी, एका यंत्राला सांगत. माणूस माणसाला जे सांगत नाही, ते तो शोधाच्या पट्टीत टाइप करतो. हे बरं की वाईट, याचा साहेबांना निवाडा करता येईना. त्यांनी पानाची छापील प्रत काढली, तिच्यावर आवक क्रमांक घातला आणि फायलीत लावली.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण त्याच यादीच्या तळाशी विमेवाल्यांना एक फार मोठा आकडा दिसला. बाळासाठी नावं.

"साहेब, सोन्याची खाण. दाखला नंतर, आधी नाव. लोक नावासाठी येतील आणि दाखल्यासाठी थांबतील."

साहेबांना नावांची माहिती होतीच, पण ती उलट्या बाजूने. कुठली नावं हमखास चुकीची लिहिली जातात आणि मग पाच वर्षं दुरुस्तीच्या खेपा घालायला लावतात, ते त्यांना पाठ होतं. त्यांनी रात्रीचा दिवस केला नाही, पण दोन सकाळी घालवल्या आणि पान तयार केलं: "बाळाला कदापि ठेवू नयेत अशी एकवीस नावे". प्रत्येक नावापुढे कारण दिलं. कुठे जोडाक्षर अवघड, कुठे लिहिणारा कारकून घाईत.

गर्दी अशी झाली, की दुसऱ्या दिवशी मुलीने फोन करून विचारलं, "बाबा, काय केलंत?" एका दिवसात चारशे माणसं. साहेब सकाळचा चहा उभ्याने प्यायले. पण चारशेंतल्या एकानेही काही विचारलं नाही. ज्यांनी लिहिलं त्यांनी प्रश्न लिहिला नाही. जे लिहिलं ते साहेबांनी बायकोला वाचून दाखवलं नाही.

तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरून दंतवैद्याची आई खाली उतरली. तिला गुडघ्यांचा त्रास होता, ती एरवी जिना उतरत नसे.

"साहेब, सातव्या नंबरवर काय लिहिलंय तुम्ही?"

साहेबांनी सातवा नंबर आठवला. मग त्यांना हेही आठवलं, की वरच्या घरात दोन महिन्यांपूर्वी नात झाली आहे. तिचं नाव त्यांनी विचारलं नव्हतं. अर्जाशिवाय ते कुणाचं नाव विचारत नसत.

"अहो, सातवा म्हणजे काही फार वाईट नाही," ते म्हणाले. "पहिल्या पाचांत नाही ते."

"माझ्या सासूचं नाव आहे ते. तिला जन्मात कुणी उलटून बोललं नाही, आणि तुम्ही तिला जगभर कदापि केलंत."

ती वर गेली. साहेबांना वाटलं, भांडण इतक्यावर भागलं. पण बायकोची खालची दाढ त्याच दंतवैद्याकडे अर्धी कोरून ठेवलेली होती. संध्याकाळी ती ठरल्या वेळी वर गेली तर कळलं, डॉक्टरांना पंधरा दिवस वेळ नाही. ती खाली आली, गालाला हात लावून बसली आणि साहेबांकडे नुसती बघत राहिली. बोलायला तोंड उघडत नव्हतं, ही त्यातल्या त्यात साहेबांच्या दृष्टीने जमेची बाजू.

त्यांनी एकवीस नावं काढून टाकली. क्षमापत्र लिहिलं, वर विषय लिहिला, खाली संदर्भ लिहिला, आणि स्वतः जिना चढून दिलं. दंतवैद्याच्या आईने ते चष्म्याशिवाय वाचलं आणि विचारलं, "हे 'उपरोक्त विषयास अनुसरून' कुणाला म्हटलंय? मला का माझ्या सासूला?" पण दाढ दुसऱ्या दिवशी भरून मिळाली.

"काहीही म्हणा, गर्दी तर झाली," विमेवाले म्हणाले.

"रस्त्यात दोघं भांडायला लागले की गर्दी होतेच," बायको म्हणाली. आता तिला बोलता येत होतं. "त्यातलं कुणी दुकानात शिरत नाही."

हे साहेबांना पटलं. विमेवाल्यांना स्टूल न देता त्यांनी फाइल पुन्हा उघडली. लोकांचे शोध समोर ठेवले आणि वेबसाइटवरचं एकेक पान लोकांच्या बोलण्यात लिहायला घेतलं. 'अभिलेखातील त्रुटी' खोडून 'दाखल्यात नाव चुकलं, काय करू?' असं लिहिताना त्यांचा हात अडखळला. आयुष्यभर कडक इस्त्रीचा शर्ट घालणाऱ्याला कुणी बनियनवर बाजारात पाठवावं, तसं त्यांना वाटत होतं. पण ते गेले. दोन आठवड्यांत सगळी पानं बनियनवर आली.

आणि खरंच, माणसं येऊ लागली. रोज तीस, कधी चाळीस. कोण कधी येतं, किती वेळ थांबतं, हे दाखवणारं आणखी एक साधन मुलीने लावून दिलं होतं. त्यात दिवसभराच्या तासांचा आलेख होता. सकाळी सपाट, दुपारी एकदम एक उंच टेकडी, पुन्हा सपाट. टेकडी बरोबर एक ते दोनच्या मध्ये उभी होती. आणि टेकडीवरची माणसं सरासरी चार सेकंद थांबून निघून जात होती.

प्रश्न मात्र एकही नाही.

"लोक जेवताना फोन चाळतात," विमेवाल्यांनी निदान केलं. "पण चार सेकंदांत पळतात, म्हणजे काहीतरी दिसतंय त्यांना. तुमचा फोटो काढून बघा."

साहेबांनी मन घट्ट करून स्वतःचा फोटो काढला. टेकडी तशीच राहिली, सेकंद चारच राहिले. फोटोचा दोष नव्हता, या समाधानात एक संध्याकाळ गेली.

"मग माहिती जुनी असेल," विमेवाले म्हणाले. "तुम्ही निवृत्त होऊन दहा वर्षं झाली. अर्जाचे नंबर बदलले असतील."

हे साहेबांना लागलं. वर्ष संपायला सहा दिवस राहिले होते. मुलीने सकाळीच फोनवर हळूच विचारलं होतं, "बाबा, बागेतला तो बाक सावलीत आहे ना?" दुसऱ्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि नवे नंबर विचारायला आपल्या जुन्या कार्यालयात गेले.

त्यांना वाटलं होतं, दारावरचा रखवालदार उठून उभा राहील. रखवालदार नवा होता. "काका, रांगेत," तो म्हणाला. साहेब रांगेत उभे राहिले. खिडकीच्या या बाजूने ते कधी उभे राहिले नव्हते. इथून खिडकी फार उंच होती. आतल्या माणसाचं फक्त कपाळ दिसत होतं. एकतीस वर्षं लोकांनी आपलं काय पाहिलं असेल, हे त्यांना पहिल्यांदा कळलं.

पुढे पाच माणसं होती. घड्याळात एक वाजला. आतून हात आला आणि शटर खाली आलं. हात कसलेला होता. मनातल्या मनात साहेबांनी त्याला दादही दिली, एका झटक्यात, आवाज न करता.

"आता?" पुढच्या बाईने विचारलं. ती बसची वाहक होती, गळ्यात पैशाची पिशवी तशीच.

"दोन नंतर," कुणीतरी म्हणालं.

"मला दीडला गाडीवर जायचंय. जेवायच्या सुट्टीतच येता येतं, तर हे पण जेवायला."

तिच्यापुढच्या माणसाच्या अंगावर कारखान्याचा निळा गणवेश होता. "ताई, मी चौथ्यांदा आलोय," तो म्हणाला. "बारा पन्नासला सुटतो, इथं पोचेस्तोवर एक. नेटवर बघू म्हटलं, कालपासून बघतोय." त्याने फोन काढला, काहीतरी टाइप केलं आणि फोन बाईपुढे धरला. "हे बघा."

साहेबांनी मान लांब करून पाहिलं. फोनवर एक शटर होतं. खाली ओढलेलं. त्यावर पाटी होती. त्या पाटीतला मजकूर साहेबांनी स्वतः तीनदा तपासून दिला होता.

समोर लोखंडाचं शटर, फोनवर चित्रातलं शटर, आणि दोन्हींच्या मध्ये निळा गणवेश.

"हा कोण शहाणा?" बाई म्हणाली. "नेटवर पण जेवायला जातो?"

"एक तास जेवतो," निळा गणवेश म्हणाला. "चांगलं खात असणार."

रांगेत हशा पिकला. साहेबही हसले, कारण न हसलेला माणूस ओळखू येतो. सव्वा वाजता बाई गेली. मग निळा गणवेश गेला. एकेक करून पाचही जण आपापल्या कामावर परत गेले. दोन वाजता शटर वर झालं तेव्हा साहेब रांगेत पहिले होते, आणि शेवटचेही.

नोकरीत त्यांना एका गोष्टीचा फार अभिमान होता. दुपारी दोन नंतर त्यांच्या खिडकीवर कधी रांग नसे. ते सगळ्यांना सांगत, काम तुंबू देत नाही मी.

नवे नंबर मिळाले. एकही बदललेला नव्हता.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. 'चांगलं खात असणार' हेसुद्धा सांगितलं. बायको टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. तीस वर्षं तिने कानाला यंत्र लावून लोकांचे फोन जोडून दिले होते. अशा गोष्टीवर ती एरवी दोन तरी टोमणे मारायची. त्या दिवशी ती काहीच बोलली नाही. हातातली भाजी निवडत राहिली. साहेबांना ते खटकलं, पण दाढ दुखत असेल असं त्यांनी धरलं.

संध्याकाळी त्यांनी मुलीला फोन केला. "ते शटर काढ."

मुलीने विचारलं, "कायमचं?"

"कायमचं."

"आणि सहीचा रकाना?"

"तोही."

"वडिलांचं नाव?"

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. गोष्टी फार भराभर चालल्या होत्या. "काढ," ते शेवटी म्हणाले. "वडिलांना कशाला त्रास."

दुसऱ्या दिवशी एक वाजता साहेब ताट घेऊन कॉम्प्युटरसमोर बसले. बायको म्हणाली, तुम्ही घ्या, मला भूक नाही, आणि स्वयंपाकघरात गेली. एक वाजून दहा मिनिटांनी घंटी वाजली.

"आईच्या मृत्यूच्या दाखल्यात तिचं नाव चुकलं आहे. बावीस वर्षं झाली. आता दुरुस्त होईल का?"

नाव नाही, पत्ता नाही, सही नाही. साहेबांचा घास हातातच राहिला. हात पुसून त्यांनी दोन बोटांनी लिहिलं, "होईल. वेळ गेली तरी होते. पण तेव्हाच का केली नाही?"

"चौकशीला गेले होते. माझी सुट्टी एक ते दीड. पोचले तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती."

"खिडकी बंद होती?"

"शटर खाली होतं. आतला माणूस जेवत होता. मी किल्लीने शटर वाजवलं आणि म्हटलं, जरा ऐकता का? तो म्हणाला, दोन नंतर."

साहेबांनी लिहिलं, "संबंधित कर्मचाऱ्याने असे म्हणणे उचित नव्हते." ते पाहिलं. खोडलं. लिहिलं, "त्याचं चुकलं."

घंटी वाजली. उत्तर आलं.

"डबा मीच भरून दिला होता."

साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग खुर्ची वळवली. स्वयंपाकघराच्या दारातून बायको दिसत होती. ओट्याला टेकून उभी होती, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि फोन हातभर लांब धरलेला.

"तू आली होतीस?"

"एकदाच."

"मग हाक का नाही मारलीस? मी आहे असं म्हणायचं."

"मला वाटलं, आवाज ओळखाल." तिने चष्मा काढला. "मी नुसत्या हॅलोवरून शेकडो माणसं ओळखायची. म्हटलं, एक माणूस एक आवाज ओळखेल."

"तोंडात घास होता," ते म्हणाले, आणि हे किती वाईट उत्तर आहे ते त्यांचं त्यांनाच कळलं. "घरी का नाही विचारलंस?"

"नियम कुणाचा? ऑफिसचं काम घरात आणायचं नाही. खिडकीवर यायचं, रांगेत उभं राहायचं. बायको असली तरी."

हा नियम साहेबांनी आपल्या निरोपाच्या भाषणातही सांगितला होता. टाळ्या पडल्या होत्या. बायको पहिल्या रांगेत बसली होती आणि तिनेही वाजवल्या होत्या.

"राग आला असेल."

"आला ना. दुसऱ्या दिवशी डब्यात मीठच घातलं नाही. तुम्ही सगळा खाऊन आलात, तुम्हाला कळलंही नाही."

ती येऊन त्यांच्याजवळच्या स्टुलावर बसली, विमेवाल्यांच्या. "आईला दवाखान्यात शेजारीण घेऊन गेली होती. गडबडीत शेजारणीचंच नाव लागलं. शेजारीण त्यानंतर चौदा वर्षं जगली. भेटली की म्हणायची, मी मेलेली आहे, माझ्याकडून काही काम सांगू नकोस."

साहेबांना हसू आलं आणि ते अर्ध्यात थांबलं. "म्हणजे सासूबाईंचं..."

"म्हणजे कागदावर आई अजून आहे. तिच्या नावाचा दाखलाच नाही. म्हणून मीही पुन्हा खेप घातली नाही. म्हटलं, असू दे. चुकून का होईना, कुठेतरी जिवंत आहे."

खाली लॉन्ड्रीवाल्याच्या इस्त्रीचा आवाज येत होता. साहेबांनी एकतीस वर्षं चुका दुरुस्त केल्या होत्या. एखादी चूक कुणी जपून ठेवली असेल, हे त्यांच्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं.

"मग आता का दुरुस्त करायचीय?"

"आता मीही सत्तरीला आले. कुणीतरी तिला तिच्या नावाने पोचवायला हवं." तिने पदराने चष्मा पुसला. "आणि कधी नव्हे ती खिडकी उघडी दिसली."

तेवढ्यात घंटी वाजली. नवा प्रश्न होता. नाव नव्हतं, पण माणूस ओळखू येत होता. "कारखान्यात कामाला आहे. मुलाच्या दाखल्यात माझं नाव चुकलंय, शाळेत घेत नाहीत. चार खेपा झाल्या. काय करू?"

घरचे सोडून एका तरी माणसाने. वर्ष संपायला चार दिवस उरले होते. साहेबांनी 'काय करू' हे दोन शब्द पुन्हा वाचले आणि मग बायकोकडे पाहिलं. सावकाश, दोन बोटांनी, त्यांनी उत्तर लिहिलं.

"काळजी करू नका, तुमचं काम होण्यासारखं आहे. फक्त जरा थांबा. तुमच्या आधी एक बाई आहेत. त्या बावीस वर्षांपासून उभ्या आहेत."

"ते काय लिहिलंत?" बायको म्हणाली. "आधी त्याचं बघा, त्याची सुट्टी संपेल."

"पाच मिनिटं आहेत त्याला. मी आज जेवायला उठणार नाही, हे त्याला माहीत नाही."

त्यांनी ताट बाजूला सारलं, खणातून कोरा अर्ज काढला, पेनाचं टोपण उघडलं आणि मृत व्यक्तीचे संपूर्ण नाव या रकान्यापाशी थांबले. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली होती. सासूबाई या पलीकडे त्यांनी त्या बाईंना कधी दुसरं काही म्हटलं नव्हतं. हजारो लोकांची नावं अक्षर न् अक्षर तपासणाऱ्या माणसाला ते एक नाव येत नव्हतं.

बायकोला ते कळलं. तिने उगाच ताटाकडे पाहिलं. "अहो, जेवण गार होतंय."

"दोन नंतर," साहेब म्हणाले, आणि पेन धरून तिच्याकडे वळले. "हं, बोला बाई. आईचं नाव सांगा. सावकाश सांगा."